हातपंप आणि मोबाईल

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी एक अपूर्व आंदोलन केले. सरकारने कामासाठी दिलेले मोबाईल फोन त्यांनी गोळा केले आणि बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मिळत नाही ते मागण्यासाठी संप आणि मोर्चे नेहमीच होतात. मिळालेली वस्तू सरकारच्या टेबलावर परत ठेवण्याचा सत्याग्रह मात्र विरळाच. खेड्यातील बाईला यंत्र झेपले नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणारे त्याही वेळी होते. वस्तुतः त्या बायकांना यंत्र झेपले होते. झेपत नव्हता तो यंत्राच्या बिघाडाचा खर्च.

हे फोन २०१९ च्या सुमारास, पोषण अभियानाच्या आधीच्या एका प्रणालीसाठी देण्यात आले होते. त्यांची स्मृतिक्षमता दोन जीबीची, म्हणजे बेताचीच होती. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' नावाचे नवे ॲप आणले आणि ते याच जुन्या फोनवर चालवण्याचा आदेश निघाला. फोन तापतो, मध्येच थिजतो, भरलेली माहिती पुसली जाते, बिघडला तर दुरुस्तीचे पैसे पदरचे घालावे लागतात, आणि ॲपची भाषा इंग्रजी, अशा तक्रारी संघटनांनी वारंवार मांडल्या. दहा हजारांच्या आत मानधन असलेल्या बाईने सरकारी कामाच्या सरकारी यंत्राची दुरुस्ती आपल्या खिशातून करावी, असा हा व्यवहार होता. नव्या फोनची मागणी त्यानंतरच्या आंदोलनांतही कायम राहिली, यावरून प्रश्न किती खोल होता हे कळते.

हाच व्यवहार गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहावा. आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर, आणि तेथून पुढे जंगलातील पाडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. कोरची, धानोरा, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांची कथा कमीअधिक फरकाने तीच. अशा ठिकाणी फोनची काच फुटली किंवा बॅटरी फुगली, तर सेविकेने तो घेऊन जायचे कोठे? एसटीचे भाडे, बुडालेला दिवस, दुकानदाराचे बिल आणि वर साहेबांची नोटीस, हा सारा खर्च ज्या हिशेबात कोठेच दिसत नाही, तो हिशेब खोटा आहे.

बिघाड कोणाच्या खाती?

अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट राज्यकर्ते सोयीने विसरतात. कोणतेही यंत्र घेतले की त्याच्याबरोबर घसारा घ्यावाच लागतो. यंत्र झिजणार, बिघडणार, जुने होणार. त्यासाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला ठेवावी लागणार. ती ठेवली नाही म्हणून घसारा नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खाती जमा होतो.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. चंद्रपूरजवळ दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. तेथील संच ठरलेल्या वेळी देखभालीसाठी बंद ठेवले जातात, सुट्या भागांचा साठा ठेवला जातो, तंत्रज्ञ नेमलेले असतात, आणि या सर्वांसाठी अंदाजपत्रकात तरतूद असते. एखादा संच अचानक बंद पडला तर त्याची बातमी मुंबईपर्यंत पोचते. कारण त्या विजेवर कारखाने चालतात, शहरे उजळतात. त्याच जिल्ह्याच्या पलीकडे अंगणवाडीतील फोन बंद पडला तर कोणाच्याही कपाळावर आठी उमटत नाही. कारण त्यावर वजन नोंदवले जाते ते माडिया किंवा गोंड बाळाचे. यंत्राची दुरुस्ती किती तातडीने होणार, हे यंत्राच्या गुंतागुंतीवरून ठरत नाही. ते यंत्र कोणाची सेवा करते, यावरून ठरते. दुरुस्तीच्या प्रश्नाला वर्ग आहे तो असा.

रोजगार हमीच्या कामावर हे अधिक उघडपणे दिसले. महाराष्ट्राने १९७० च्या दशकात ही योजना देशाला दिली, तेव्हा हजेरीपट कागदाचा होता. त्यात खोटी नावे घुसत, हे कोणी नाकारणार नाही. पण पेनातील शाई संपली म्हणून मजुराची दिवसभराची मजुरी कधी बुडाली नव्हती. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाईलच्या ॲपवरून हजेरी बंधनकारक केली आणि दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र चढवण्याची अट घातली. ज्या रानात बोलण्यापुरताही सिग्नल येत नाही, तेथे मातीकाम करणाऱ्या बाईची मजुरी आता मेटच्या फोनच्या बॅटरीवर, मनोऱ्याच्या कृपेवर आणि दूरच्या सर्व्हरच्या प्रकृतीवर अवलंबून राहिली. छायाचित्र चढले नाही तर काम झालेच नाही! खोदलेला खड्डा डोळ्यांसमोर असला तरी नाही!

आणि एवढे करून चोरी तरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहून कळवावे लागले की, या ॲपवर भलतीच छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत. ज्याला चोरी करायची त्याने यंत्राची पळवाट शोधली. जिला मजुरी हवी होती ती मात्र यंत्राच्या दारात तिष्ठत राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा केला. कायद्याचे नाव बदलले. यंत्राच्या बिघाडाची किंमत मजुराने का मोजावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही.

रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राची गोष्ट निराळी नाही. जन्मभर मोहफुले वेचून, बांबू सोलून ज्या म्हातारीच्या बोटांवरील रेघा पुसल्या, तिला यंत्र ओळखत नाही. सर्व्हर बंद असला तर रांगच्या रांग परत जाते. यंत्र चुकले तर धान्य अडवू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. पण लेखी आदेश आणि दुकानाचा उंबरठा यांतील अंतर गडचिरोलीत फार मोठे असते.

हातपंपाचा धडा

गरिबाच्या हाती टिकणारे आणि दुरुस्त होणारे यंत्र देणे अशक्य आहे, असे जर कोणी म्हणत असेल तर त्याने आपल्याच राज्याचा इतिहास वाचावा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्याही गावात गेले तरी एक यंत्र हमखास दिसते, ते म्हणजे हातपंप. त्याची कुळकथा समाजवादी कार्यकर्त्यांनी पाठ करावी अशी आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या काळात खडकाळ भागात विंधनविहिरी मोठ्या प्रमाणावर खोदण्यात आल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप परदेशी घरगुती पंपांच्या नमुन्यावर ओतलेले होते. एका कुटुंबासाठी बेतलेले ते यंत्र सबंध गावाच्या हिसक्यांखाली मोडून पडत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा असे बहुसंख्य पंप बंद पडलेले आढळले. विहिरीत पाणी होते, वर लोखंड होते, आणि बाई मात्र पूर्वीसारखीच नाल्यात झरा उकरत होती.

त्यावर उपाय निघाला तो मुंबईच्या एखाद्या संशोधन प्रासादात निघाला नाही. जालना आणि सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या विहीर-कार्यशाळांत पोलादी पत्र्याचा, वेल्डिंगने जोडता येणारा, दणकट पंप आकारास आला होता. त्या नमुन्यावर युनिसेफ, सरकारी संशोधन संस्था आणि 'रिचर्डसन अँड क्रुडास' ही सरकारी कंपनी यांनी काम केले आणि 'इंडिया मार्क २' हा हातपंप तयार झाला. त्याचे राष्ट्रीय मानक ठरले. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, त्यावर कोणाचेही पेटंट नव्हते. त्याचे आराखडे कोणत्याही कारखान्याला खुले होते. म्हणून अनेक कारखान्यांनी तो बनवला, एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला, आणि पुढे आफ्रिकेतील खेड्यांतही तो पोचला.

गोष्ट येथेच संपली नाही. या पंपातही एक खोट होती. खालच्या नळकांड्यातील वॉशर झिजले तर सबंध पाईप वर ओढून काढावा लागे. त्यासाठी गाडी, अवजारे आणि पथक लागत असे. म्हणून १९८० च्या दशकात कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि 'मार्क ३' निघाला. त्याचा वरचा पाईप एवढा रुंद ठेवला की दट्ट्या वरूनच बाहेर काढता यावा आणि गावातील प्रशिक्षित माणसाला, मग ती बाई का असेना, थोड्या अवजारांनिशी वॉशर बदलता यावे. म्हणजे रचना करतानाच प्रश्न विचारला गेला होता की, हे बिघडेल तेव्हा कोण दुरुस्त करील? आणि उत्तर ठरले होते, गाव!

याच्याही आधीचे उदाहरण आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजच्या निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी समोर ठेवाव्यात. चरखा खेड्यातील घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईला आठ तास फारसे श्रम न पडता काम करता यावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. आणि अधूनमधून देखभाल केल्यास तो किमान वीस वर्षे चालावा, त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. गांधींना यंत्राचा शत्रू म्हणून हिणवण्याची आपल्याकडे चाल आहे. यंत्राचे आयुष्य आणि दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या अटीतच बांधून घेणारा हा 'शत्रू' नव्वद वर्षांनंतर फोन खरेदी करणाऱ्या 'मित्रां'पेक्षा यंत्र अधिक जाणत होता. १९५२ मध्ये पचमढीच्या अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला, त्यातही हेच सूत्र होते. यंत्र माणसाच्या आणि गावाच्या आवाक्यात असावे; माणूस यंत्राच्या आवाक्यात जाता कामा नये.

कुलूप आणि किल्ली

मग हातपंप आणि मोबाईल यांत असा कोणता फरक पडला? फोन गुंतागुंतीचा आहे, हे उत्तर अपुरे आहे. जुना व्हॉल्व्हचा रेडिओही गुंतागुंतीचाच होता. पण त्याचे मागचे झाकण चार स्क्रूंनी उघडत असे, पुष्कळदा आतच मंडलाचा नकाशा चिकटवलेला असे, आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील कारागीर तापल्या लोखंडी डागणीने तो पुन्हा बोलका करीत असे. आजच्या यंत्रात गुंतागुंतीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती कुलूप.

हे कुलूप तीन प्रकारचे असते. पहिले दिसणारे. बॅटरी गोंदाने आत चिकटवलेली, झाकणाला निराळेच स्क्रू, सुटे भाग बाजारात नाहीत. दुसरे न दिसणारे. काही यंत्रांत सुटा भाग मूळ यंत्राच्या क्रमांकाशी संगणकीय आज्ञावलीने बांधलेला असतो. अस्सल भाग बसवला तरी कंपनीच्या परवानगीवाचून तो नीट चालत नाही. तिसरे कुलूप सर्वांत धूर्त. यंत्रातला तारेचा तुकडासुद्धा खराब झालेला नसतो, पण त्यावर चालणारी आज्ञावली दूर कोठेतरी बदलली जाते आणि धडधाकट यंत्र एका रात्रीत निकामी ठरते. अंगणवाडीच्या फोनवर जे ओढवले ते मुख्यतः हेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' चा सर्वसाधारण आधार संपवला. ज्या जुन्या संगणकांना पुढची आवृत्ती चालत नाही, ते एका तारखेने म्हातारे झाले. त्यांच्या चाकांना, तारांना, पडद्यांना काहीही झालेले नसताना!

भांडवलशाहीला ही युक्ती नवी नाही. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर बांधून टाकले. त्याहून अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होता. म्हणजे तंत्रज्ञांची बुद्धी वस्तू अधिक टिकाऊ करण्यासाठी खर्च होत नव्हती. ती ठरल्या वेळी मरावी यासाठी होत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ॲपल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. नव्या आज्ञावलीमुळे जुने फोन मंद होऊ शकतात, ही गोष्ट कंपनीने ग्राहकांना सांगितली नव्हती. शंभर वर्षांत दिव्याच्या तारेऐवजी आज्ञावलीची ओळ आली. हेतू तोच राहिला.

जंगलातील माणसाला हे कुलूप समजावून सांगण्यासाठी ग्रंथांची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला. जंगलाची मालकी कागदावर गावाकडे आली. पण बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याने आपल्याच कपाटात ठेवले. जंगल तुमचे, बांबू तुमचा, तोडणारे हात तुमचे, फक्त शिक्का आमचा! त्या एका पुस्तकासाठी गावाला दोन वर्षे लढावे लागले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन ते ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कोठे पट्ट्याला अर्थ आला. आजच्या यंत्राचे तेच आहे. पावती तुमच्या नावाची, पैसे तुमचे, बिघाड तुमचा. उघडण्याचा परवाना मात्र कंपनीच्या कपाटात. जिची दुरुस्ती करण्याचा अधिकार नाही, तिची मालकी नाही, हे सूत्र बांबूला लागू होते तसेच फोनलाही लागू होते.

तीन आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा वेष घेऊन येतो. तो म्हणतो, दुरुस्ती परवडत नाही, नवी वस्तू स्वस्त पडते. पण सुट्या भागाची किंमत ठरवणारा आणि नवी वस्तू विकणारा एकच असेल, तर या 'परवडण्या'ला बाजारभाव म्हणता येत नाही. ती मक्तेदारी होय. शिवाय या हिशेबात फेकलेल्या वस्तूचा खर्च धरलेलाच नसतो. तो विष होऊन कोणत्या तरी शहराच्या कडेला, कचरा जाळून तांबे वेचणाऱ्या पोरांच्या फुप्फुसांत जमा होतो. आणि आणखी एक गोष्ट. नव्या यंत्राला दिलेला रुपया त्याच दिवशी जिल्ह्याबाहेर जातो. दुरुस्तीला दिलेल्या रुपयाचा बराच भाग अहेरीच्या, ब्रह्मपुरीच्या किंवा मूलच्या कारागिराकडे राहतो. जो प्रदेश बांबू, तेंदूपाने, कोळसा आणि आता सूरजागडचे लोहखनिज बाहेर पाठवतो आणि बदल्यात तयार वस्तू घेतो, त्याला निदान त्या वस्तू दुरुस्त करण्याचा तरी रोजगार मिळू नये काय?

दुसरा आक्षेप प्रशासनाचा. तो म्हणतो, यंत्रामुळे भ्रष्टाचार थांबतो, म्हणून थोडी गैरसोय सोसली पाहिजे. हजेरीच्या ॲपचे काय झाले ते वर आलेच आहे. पण घटकाभर मानले की भ्रष्टाचार थांबतो. तरीही ही 'थोडी गैरसोय' नेहमी मजुराच्या, सेविकेच्या आणि रेशनच्या रांगेतील म्हातारीच्याच वाट्याला का येते? ज्या दिवशी सर्व्हर बंद असेल त्या दिवशी सचिवांचाही पगार कापावा, असा नियम करून पाहावा. मग यंत्रे किती त्वरेने सुधारतात ते दिसेल.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, आणि त्याचा समाचार अधिक परखडपणे घ्यावयास हवा. चळवळीतील काही मंडळी म्हणतील, मोबाईल आणि ॲपच नकोत; आदिवासींना त्यांच्या पद्धतीने जगू द्या. ही भूमिका दिसायला क्रांतिकारक, पण आतून पोकळ आहे. कोरचीच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, एटापल्लीच्या तरुणाला तेंदूचा भाव जाणून घ्यायचा आहे, बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका बोलवायची आहे. यंत्र त्यांनाही हवे आहे, आणि ते मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रश्न यंत्र हवे की नको हा नाही. ते कोणाच्या अटींवर हवे, हा आहे.

गडचिरोलीनेच याचे उत्तर एकदा दिलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना, अक्षरओळख नसलेल्या दाईला श्वास मोजता यावेत म्हणून एक साधन तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी आणि दुसरी त्यांहून मोठ्यांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी आला तर तो न्यूमोनिया. त्याला बॅटरी नाही, सिग्नल नाही, नवी आवृत्ती नाही; मणी तुटला तर दुसरा ओवता येतो. हे मागासलेले तंत्र नव्हे. वापरणारा माणूस आधी आणि यंत्र नंतर, या क्रमाने विचार करणारे हे पुढारलेले विज्ञान आहे. प्रत्येक काम मण्यांनी होणार नाही, हे उघड आहे. पण प्रत्येक यंत्र त्या क्रमाने कल्पिता येते.

मागणी काय असावी?

केंद्र सरकार या बाबतीत अगदीच झोपलेले आहे, असे नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ उघडले. शेती अवजारे, मोबाईल व विद्युत-उपकरणे, घरगुती वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. पुढे दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. समिती, संकेतस्थळ, निर्देशांक! तिकडे युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला, आणि फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी सामान्यतः वापरणाऱ्यालाच बदलता आली पाहिजे असे बंधन घातले. कंपन्या बहुतांशी त्याच आहेत. जी अट त्या पॅरिसमध्ये पाळतील ती चंद्रपुरात का पाळणार नाहीत? पाळा असे त्यांना कोणी बजावलेले नाही, एवढेच त्याचे कारण.

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. या देशात यंत्रांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे. अंगणवाडीचे फोन, रेशनची यंत्रे, शाळांचे संगणक, सौर कृषिपंप, ही सारी खरेदी सार्वजनिक पैशाने होते. सौर पंपांच्या योजनेत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर टाकलेली आहे; ही अट चांगली आहे. पण सहाव्या वर्षी काय? त्या नियंत्रकाचा नकाशा आणि सुटे भाग गावातील तंत्रज्ञाला मिळणार नसतील, तर शेतकऱ्याच्या बांधावर पुन्हा एक लोखंडी सांगाडा उभा राहील. गिऱ्हाइकाने निविदेत अट घालायची असते. त्याला संसदेचे अधिवेशन लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी आपले संगणक मुक्त आज्ञावलीवर आणले, ते याच अधिकारात. तेथील शिक्षक ती आज्ञावली स्वतः शिकले, आणि कोण्या कंपनीने तारीख ठरवली म्हणून त्या शाळांचे संगणक मरत नाहीत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. पहिली: यंत्र, ॲप किंवा सर्व्हर बंद असल्याच्या कारणावरून कोणाचीही मजुरी, धान्य किंवा मानधन अडवता येणार नाही, अशा वेळी कागदावरील नोंद ग्राह्य धरलीच पाहिजे. दुसरी: सरकारी कामासाठी दिलेल्या यंत्राच्या दुरुस्तीचा आणि त्यापायी करावा लागणाऱ्या प्रवासाचा सर्व खर्च सरकारने द्यावा, आणि यंत्र दुरुस्तीत असेपर्यंत बदली यंत्र पुरवावे. तिसरी: दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, सुटे भाग किमान सात वर्षे, आणि बॅटरी बदलण्याची सोय, या अटींशिवाय सार्वजनिक पैशाने एकही यंत्र विकत घेऊ नये. चौथी: नवे ॲप आणण्यापूर्वी ते लोकांच्या हाती असलेल्या जुन्यातल्या जुन्या यंत्रावर, जिल्ह्यातील सिग्नल नसलेल्या गावी चालवून दाखवावे. पाचवी: प्रत्येक तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुरुस्तीचे वर्ग आणि तिला जोडून दुरुस्ती केंद्र असावे, आणि त्यातील कारागिरांत निम्म्या मुली असाव्यात. सहावी: या सर्व यंत्रांच्या आज्ञावलीत मराठी, आणि जेथे गोंडी-माडिया बोलली जाते तेथे त्या भाषेतील आवाज असलाच पाहिजे.

या मागण्यांसाठी मुंबईचा मोर्चा लागेलच. पण पहिले पाऊल ग्रामसभेत टाकता येते. पेसा कायदा १९९६ चा आहे, महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४ चे आहेत. ग्रामसभेने एक साधी वही घालावी. गावात सरकारी यंत्रे किती, कोणते केव्हा बंद पडले, किती दिवस बंद राहिले, त्या दिवसांत कोणाची किती मजुरी आणि किती किलो धान्य बुडाले, दुरुस्तीचे पैसे कोणी भरले, हे त्या वहीत तारीखवार लिहावे आणि सभेत मोठ्याने वाचावे. सरकारच्या संगणकात यशाचेच आकडे साठतात. बिघाडाचे आकडे गावालाच ठेवावे लागतील. शंभर गावांच्या अशा वह्या जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर ठेवल्या, तर त्यांचे वजन एखाद्या अग्रलेखाहून खचितच अधिक भरेल.

कामगाराच्या हाती उत्पादनाची साधने असावीत, हे समाजवादाचे जुने वाक्य आहे. आज त्यात एक पुरवणी जोडणे प्राप्त आहे. साधन हाती असून चालत नाही. ते उघडण्याची मुभा, समजण्याची भाषा आणि दुरुस्त करण्याची अवजारेही हाती असावी लागतात. हातपंपाच्या बाबतीत या राज्याने ते करून दाखवले होते. त्या वेळी तंत्रज्ञान आजच्यापेक्षा मागे होते. पुढे होती ती इच्छा. ती इच्छा सरकारला पुन्हा व्हावी, यासाठी विनंत्या पुरणार नाहीत. सेविकांनी २०२१ मध्ये फोन परत करून वाट दाखवली आहे. त्या वाटेवर आता मजूर, शेतकरी आणि रेशनकार्डधारक यांना एकत्र आणणे, हे संघटनेचे काम आहे.